जेम्स वॉट ‘शेवटच्या झाडा’बद्दल असं बोललेच नव्हते

‘शेवटचं झाड तोडलं की येशू परत येईल, असं अमेरिकेच्या मंत्र्यानं संसदेत सांगितलं होतं,’ या वाक्यानं सुरू होणारा एक लांबलचक फॉरवर्ड मराठी ग्रुपांवर फिरतोय. पुढे त्यात म्हटलंय, की बायबलच निसर्ग ओरबाडायला सांगतं; जग बुडणारच आहे या श्रद्धेपायी इव्हँजेलिकल (बायबलला अंतिम प्रमाण मानणारे, धर्मप्रसारावर भर देणारे प्रोटेस्टंट) पुढारी हवामान बदल नाकारतात; त्यांनीच ट्रम्पना निवडून आणलं; आणि ‘इथले ख्रिस्ती तरी काय वेगळे?’ माझ्या मावशीनं हा मजकूर वसईतल्या तिच्या शेजारणीला पाठवला आणि खाली ‘तुमच्यात असं असतं का हो?’ असं विचारलं. त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

आधी झाडाचं वाक्य, कारण बाकी सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. जेम्स वॉट हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे अंतर्गत खात्याचे मंत्री, १९८१ ते १९८३. हे आपल्याकडचं गृहखातं नव्हे; सरकारी जमिनी, राष्ट्रीय उद्यानं, किनाऱ्यापलीकडचं तेल, कोळशाचे पट्टे असं सगळं त्यात येतं. ५ फेब्रुवारी १९८१ रोजी प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे ऑरेगनचे सदस्य जेम्स वीव्हर यांनी त्यांना पुढच्या पिढ्यांसाठी साधनसंपत्ती राखण्याबद्दल विचारलं. वॉट यांच्या उत्तराचा आशय असा: प्रभू परत येण्याआधी अजून किती पिढ्या होतील हे मला ठाऊक नाही, पण कितीही होवोत, त्यांना लागेल ती साधनसंपत्ती शिल्लक राहील अशा कौशल्यानं आपण कारभार करायला हवा. फॉरवर्डमध्ये आहे त्याच्या बरोबर उलट!

मग झाड आलं कुठून? १९९० च्या एका पुस्तकातून. २००४ मध्ये ‘ग्रिस्ट’ या पर्यावरणविषयक संकेतस्थळानं ते उचललं, तिथून ज्येष्ठ पत्रकार बिल मॉयर्स यांच्या भाषणात आणि लेखात गेलं. चूक उघड झाल्यावर ‘ग्रिस्ट’नं दुरुस्ती छापली, मॉयर्स यांनी २००५ मध्ये वॉट यांची माफी मागितली. वीस वर्षं उलटून गेली आणि आपण तेच शिळं वाक्य मराठीत नव्यानं वाढतोय.

असं वाक्य तपासायला फार काही लागत नाही. तारीख दिली आहे का, कोणत्या समितीपुढे, प्रश्न कुणी विचारला, हे आधी बघायचं. अमेरिकी संसदेच्या सुनावण्यांचं शब्दशः टिपण छापलं जातं, ते बघायचं. त्या आठवड्याची वर्तमानपत्रं चाळायची. वॉट यांच्यामागे तिथले पत्रकार हात धुऊन लागले होते, असं वाक्य त्यांनी सोडलंच नसतं. आणि ते पहिल्यांदा छापलं गेलं कधी, हे शोधायचं. बोलणं १९८१ चं आणि पहिली नोंद १९९० ची असेल, तर फॉरवर्ड तिथंच थांबवायचा.

वॉट यांची बाजू घ्यायचं मला कारण नाही. सुमारे शंभर कोटी एकर समुद्रतळ तेल-वायूच्या भाडेपट्ट्यांसाठी खुला करायला ते निघाले होते, आणि त्यांना हटवा म्हणून दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या होत्या. त्यांच्यावर टीका करायला एवढं पुरेसं आहे. खोटं वाक्य जोडलं की समोरचा तेवढंच पकडतो आणि खरे मुद्दे वाहून जातात.

‘जग बुडणार म्हणून पर्वा नाही’ हा दावा ऐकायला पटतो, पण आकड्यांपुढे टिकत नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी पाहणी संस्थेनं २०२२ मध्ये दहा हजारांहून जास्त अमेरिकी प्रौढांची पाहणी केली. आपण शेवटच्या काळात, म्हणजे जगाच्या अंताच्या तोंडावर, जगतोय असं मानणारे इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांत ६३ टक्के. कृष्णवर्णीयांच्या पारंपरिक प्रोटेस्टंट चर्चमध्ये त्याहून जास्त, ७६ टक्के. आता हवामान बदल ही अत्यंत किंवा खूप गंभीर समस्या आहे असं मानणारे बघा: इव्हँजेलिकल ३४ टक्के, कृष्णवर्णीय चर्च ६८ टक्के. श्रद्धेनंच सगळं ठरत असतं तर आकडे उलटे आले असते. या दोन गटांत मोठा फरक आहे तो मतदानाचा: पहिला बहुतांश रिपब्लिकन, दुसरा बहुतांश डेमोक्रॅट. हवामानाबद्दलचं मत धर्मापेक्षा पक्षावरून ठरतं, हाच त्या अहवालाचाही निष्कर्ष आहे.

हे कसं घडलं त्याचा कागदोपत्री माग आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये ८६ इव्हँजेलिकल नेत्यांनी हवामान बदलावर कृती करा असं जाहीर आवाहन केलं. नामांकित पाद्री रिक वॉरन त्यात होते. पण त्याच सुमारास जेम्स डॉब्सन, चक कोल्सन अशा पुराणमतवादी ख्रिस्ती संघटनांच्या पुढाऱ्यांसह २२ जणांनी इव्हँजेलिकलांच्या राष्ट्रीय संघटनेला पत्र लिहून बजावलं, की या विषयावर अधिकृत भूमिका घेऊ नका. संघटनेचे वॉशिंग्टनमधले प्रतिनिधी रिचर्ड सिझिक यांनी दबावाखाली आवाहनावरचं आपलं नाव मागे घेतलं. मार्च २००७ मध्ये डॉब्सन, त्यांच्यासारखेच संघटना चालवणारे टोनी पर्किन्स वगैरेंनी दुसरं पत्र धाडलं: सिझिकना आवरा, नाहीतर त्यांना जाऊ द्या. त्यातला मुख्य आक्षेप बघण्यासारखा आहे. सिझिक तापमानवाढीचा विषय काढून गर्भपात, विवाह, लैंगिक संयम या ‘मोठ्या नैतिक प्रश्नां’वरून लक्ष हटवतात, असं त्यांचं म्हणणं. ज्या मुद्द्यांवर मतं एकगठ्ठा मिळतात त्यांत वाटेकरी नको, एवढीच ती चिंता! संघटनेच्या मंडळानं त्या वेळी सिझिकना हटवलं नाही. डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी पद सोडलं ते समलिंगी जोडप्यांबद्दलच्या एका मुलाखतीवरून.

बायबल ओरबाडायला सांगतं, हा दावा थोडक्यात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पृथ्वी ‘सत्तेखाली आणा’ असं आहे, दुसऱ्याच अध्यायात बागेची मशागत आणि राखण करण्याचं कामही माणसाला दिलेलं आहे. अर्धीच पानं वाचायची तर कुठलाही धर्मग्रंथ गोत्यात येईल.

ट्रम्पबद्दलचं बरंचसं खरं आहे, हे मान्य करावंच लागेल. २०१६ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी त्यांना मत दिलं. अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुखपदी ट्रम्पनी नेमलेले स्कॉट प्रुइट सदर्न बॅप्टिस्ट या इव्हँजेलिकल पंथाचे होते आणि पॅरिस करारातून बाहेर पडायचा आग्रह धरणाऱ्यांत पुढे होते. ओक्लाहोमाचे सेनेटर जेम्स इनहॉफ यांनी तर हवामान बदलवणं माणसाच्या हातात आहे असं मानणं हा उद्धटपणा आहे, असं २०१२ मध्ये देवाचा हवाला देऊन सांगितलं. पण संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या (आयपीसीसी) वैज्ञानिक गटाचं नेतृत्व केलेले जॉन हॉटन हेही इव्हँजेलिकलच, आणि सिझिकचं मत २००२ मध्ये बदललं ते त्यांना ऐकून. टेक्सासच्या हवामानशास्त्रज्ञ कॅथरीन हेहो त्याच पंथाच्या.

राहिला ‘इथले ख्रिस्ती’. वसईचे बहुसंख्य ख्रिस्ती कॅथलिक. डॉब्सन-पर्किन्सच्या संघटनांशी त्यांचा संबंध काय? त्याच वसईत बिल्डर आणि टँकरवाल्यांविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आणि तिचं नेतृत्व एका धर्मगुरूनं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलं. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच. मावशीनं शेजारणीला आता हे पाठवावं, आणि तो फॉरवर्ड ज्या ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथंही.