नाही म्हणणारा कोण?

ऑफिसात ‘सामायिक’ नावाचं फोल्डर असलं, की त्यातली नेमकी हवी ती फाइल एकाच माणसाच्या मालकीची असते आणि तो माणूस त्या दिवशी रजेवर असतो. आमचं फोल्डर लिनक्सच्या सर्व्हरवर राहतं. विंडोजवाले त्याच्याकडे साम्बाच्या वाटेनं जातात, लिनक्सवाले एनएफएसच्या वाटेनं (दोन्ही नेटवर्कवरून फोल्डर वाटून घ्यायच्या सोयी), आणि दोन्ही वाटा अडल्या की सगळे माझ्या टेबलाकडे येतात. मी काही सिस्टिम अ‍ॅडमिन नाही. कधीतरी माझ्या स्क्रीनवर टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायची, काळी खिडकी कुणाच्या तरी नजरेला पडली, तीच माझी नेमणूक.

तक्रार ठरलेली असते: “उघडत नाहीये.” काय उघडत नाही, कुठून उघडत नाही, उघडत नाही की सेव्ह होत नाही, हे विचारायला जावं तर समोरचा माणूस दुखावतो.

“फाइल दिसतेय का, मॅडम?”

“दिसतेय ना! दिसत नसती तर एवढा राग आला नसता.”

अकाउंट्सच्या मॅडमचं हे म्हणणं मला पटतं. मलाही त्याचाच राग येतो. टर्मिनलला विचारावं तर ते म्हणतं, ‘परमिशन डिनाइड’. बस. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, यादीत या चुकीचा नंबर १३. पण हा नकार दिला कुणी? कोणत्या पायरीवर? कशासाठी? काही पत्ता नाही. लिनक्समध्ये नाही म्हणण्याचा अधिकार निदान सात-आठ जणांना आहे आणि सगळे एकाच आवाजात नाही म्हणतात. या बिनसहीच्या नकारामागचा माणूस शोधून काढणं, हे माझं काम.

पहिला संशय अर्थातच नेहमीच्या परमिशनवर. ‘एलएस -एल’ ही यादी दाखवणारी आज्ञा मारली की ओळीच्या सुरुवातीला दहा अक्षरं येतात. पहिलं प्रकार सांगतं, उरलेली नऊ मालक, ग्रुप आणि बाकीचे यांच्यात तीन-तीन वाटलेली. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. तिघांची एकेक बेरीज मिळून तीन आकडी परमिशन. बेरीज लहान मुलालाही यावी इतकी सोपी, आणि तरीही फसवी. कारण कर्नल आधी मालक आहे का ते बघतो, आणि मालक निघालात तर तिथेच थांबतो. मालकाला वाचायची परवानगी नसेल आणि ग्रुपला असेल, तर ग्रुपातले सगळे फाइल वाचतात आणि मालक बाहेर उभा राहतो. हे असंच असायला हवं होतं असं म्हणणारे लोक मला भेटलेत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

फोल्डरची गोष्ट आणखी निराळी. तिथे ‘चालवायचा’ तो १ म्हणजे आत शिरायची परवानगी. कुणीतरी सुरक्षिततेच्या नावाखाली एका फोल्डरचा तेवढा एकच काढून टाकला होता. यादी मागितली तर फाइलींची नावं व्यवस्थित आली, आणि प्रत्येक नावासमोर परमिशन, मालक, ग्रुप, आकार, तारीख या सगळ्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मशीनलाच प्रश्न पडलेला मी पहिल्यांदा बघत होतो. याच्या उलटही करता येतं: वाचायची परवानगी काढायची आणि शिरायची ठेवायची. मग नाव तोंडपाठ असेल तर फाइल मिळते, यादी मात्र मिळत नाही.

आणि आत शिरण्याची ही अट वाटेतल्या प्रत्येक फोल्डरला लागू. आमचं सामायिक फोल्डर नीट होतं, त्याचा ग्रुप नीट होता, फाइली नीट होत्या. फक्त ते सगळं एका जुन्या अ‍ॅडमिनच्या होम फोल्डरात, म्हणजे खासगी जागेत होतं. ‘तात्पुरतं’ म्हणून ठेवलेलं. त्या होम फोल्डरची परमिशन होती ७००, म्हणजे मालक सोडून कुणाचंही पाऊल आत पडणार नाही. ‘नेमआय -एल’ नावाची एक आज्ञा आहे. तिला पूर्ण रस्ता दिला की ती मुळापासून एकेका पायरीची परमिशन छापत खाली येते. ही आज्ञा कुणी का वापरत नाही हे मला न सुटलेलं कोडं आहे. दहा मिनिटांची भांडणं तिच्या सहा ओळींत मिटतात.

पण लोकांना आज्ञा माहीत असते ती एकच. माझ्या मागे उभा राहून कुणीतरी हमखास म्हणतं, “अरे, सीएचमॉड ७७७ मार ना!” ‘मार’ हे क्रियापदच बघा. सीएचमॉड म्हणजे परमिशन बदलायची आज्ञा, ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं. उत्साहाच्या भरात तो ‘मायनस आर’ही लावायला सांगतो, म्हणजे खालच्या सगळ्या फाइली त्यात आल्या. मग ताळेबंदाची फाइलसुद्धा चालवता येण्याजोगा प्रोग्रॅम होऊन बसते. आणि या झपाट्यात एसएसएचची (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या सोयीची) खासगी किल्ली सापडली, तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं: किल्ली फारच उघडी आहे म्हणे. म्हणजे आधी बंद म्हणून अडलं होतं, आता उघडं म्हणून अडलं.

बरं, एवढं करून ७७७ टिकतं का? संध्याकाळपर्यंत. साम्बाचं ‘क्रिएट मास्क’ हे सेटिंग कुणी हात लावला नसेल तर ०७४४ असतं. म्हणजे विंडोजवरून नवी फाइल जन्माला आली की ती मालकाला पूर्ण आणि बाकीच्यांना फक्त वाचण्यापुरती. जुन्या फाइली सगळ्यांना उघडतात, सेव्ह होतात, सगळे खूश. आणि दुपारी मॅडमनी तयार केलेली नवी फाइल साहेबांना नुसती बघायला मिळते. साहेबांना नुसतं बघायला आवडत नाही. थेट लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी हेच काम ‘यूमास्क’ करतो: तो ०२२ असला की नव्या फाइलीची परमिशन ६४४ होते, ००२ असला की ६६४. एवढ्या दोनच्या फरकावर ऑफिसातले संबंध अवलंबून असतात.

मग मी फोल्डर त्या होममधून उचलून स्वतंत्र जागी आणलं. ग्रुप ठरवला, परमिशन २७७५ केली. पुढचे ते २ म्हणजे सेटजीआयडी. त्यामुळे आत तयार होणारी प्रत्येक नवी गोष्ट फोल्डरचाच ग्रुप घेते. साम्बाचे मास्क बदलले. सगळं पाठ्यपुस्तकात छापावं असं. मॅडमना म्हटलं, “आता बघा.”

“परमिशन डिनाइड.”

आता मॅडमही इंग्रजीतून बोलू लागल्या होत्या.

या खेपेला नाही म्हणणारा होता एसईलिनक्स, नेहमीच्या परमिशनवरचा आणखी एक पहारेकरी. हे प्रकरण अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं तयार करून २००० साली जगाला खुलं केलं. प्रत्येक फाइलीवर त्याचं एक लेबल असतं आणि साम्बानं कोणत्या लेबलाला हात लावायचा हे ठरलेलं असतं. फाइल ‘एमव्ही’नं हलवली की ती मालक, ग्रुप, परमिशन आणि लेबल सगळं जसंच्या तसं घेऊन येते. आमच्या फाइली नव्या जागी आल्या होत्या, पण लेबलावर अजून होमच. वर सेटजीआयडी फक्त नव्या जन्माला आलेल्यांना लागू, हलवलेल्यांना नाही. त्यामुळे ग्रुपही जुनाच. ‘सीपी’नं नक्कल केली असती तर नवा ग्रुप आणि नवं लेबल दोन्ही मिळालं असतं. ग्रुप बदलला, नव्या जागेला साम्बाचं लेबल नेमून दिलं, फाइलींना नेमलेलं लेबल लावणारं ‘रीस्टोरकॉन’ चालवलं आणि फाइल उघडली. एसईलिनक्सला शिव्या घालून ते बंद करायची लोकांना फार हौस. मला ते आवडतं. एवढ्या सगळ्या नकार देणाऱ्यांत हा एकटाच पठ्ठ्या ऑडिट लॉगमध्ये लिहून ठेवतो: अमुक प्रोग्रॅमला अमुक फाइलीवर अमुक करायला मी नाही म्हटलं. हेरांनी बनवलेल्या गोष्टीकडून एवढा सरळपणा कुणाला अपेक्षित होता?

विंडोजवाले शांत झाले आणि डिझाइनमधला नवा मुलगा उठला. त्याचं नाव मी ग्रुपात घातलं होतं, तरी एसएसएचनं सर्व्हरवर येऊन त्याला लिहिता येईना. “दादा, तुम्ही खरंच घातलंय ना नाव?” माणसाचे ग्रुप सांगणारी ‘आयडी’ ही आज्ञा त्याच्या खिडकीत नुसती मारली, ग्रुप नाही. ‘आयडी’पुढे त्याचं नाव टाकून मारलं, ग्रुप आहे. एकाच मशीननं एकाच माणसाबद्दल लागोपाठ दिलेली दोन उत्तरं, आणि दोन्ही खरी. चालू सत्र लॉगिनच्या वेळचे ग्रुप धरून बसतं, नवी नेमणूक पुढच्या लॉगिनला कळते. बाहेर जाऊन परत ये म्हटलं, आला, चाललं.

खरी मजा त्याच्या लॅपटॉपवरून एनएफएस जोडल्यावर झाली. एके दिवशी साहेबांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं.

“तो आपला जुना अ‍ॅडमिन. सोडून गेला ना तो?”

“हो साहेब, केव्हाच.”

“मग तो रोज सकाळी नव्या फाइली कशा काय करतोय?”

यादीत खरोखरच त्याचं नाव होतं. मालक: जुना अ‍ॅडमिन. तारीख: आजची. वेळ: साडेदहा, म्हणजे तो नोकरीत असताना कधीच येत नव्हता ती. साहेब पासवर्ड बदलण्यापासून पोलिसांपर्यंत पोचले होते. मी म्हटलं, जरा थांबा. साधं एनएफएस माणसाचं नाव पाठवतच नाही, त्याचा आकडा पाठवतं. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ साली ते आणलं, तेव्हा नेटवर्कवरची यंत्रं एकाच व्यवस्थापनाखाली असतील आणि आकडे सगळीकडे जुळतील, असं धरून चालणं वावगं नव्हतं. आता हल्लीच्या बहुतेक लिनक्समध्ये पहिल्या माणसाला १००० हा आकडा मिळतो. या मुलाच्या लॅपटॉपवर पहिला माणूस तो स्वतः. सर्व्हरवर पहिला माणूस जुना अ‍ॅडमिन. मुलगा फाइल करायचा, वायरीतून १००० जायचा, आणि सर्व्हर १०००ला ओळखून अदबीनं अ‍ॅडमिनचं नाव लिहायचा. उलट, सर्व्हरवर या मुलाच्या स्वतःच्या खात्यातल्या फाइली होत्या त्यांचा आकडा वेगळा, त्यामुळे त्या त्याला परक्या. अ‍ॅडमिनचं होम फोल्डर मात्र खुलं. बिचाऱ्यानं कधी उघडून पाहिलं नाही, किंवा पाहिलं असलं तरी तसं सांगितलं नाही.

“दादा, मी माझ्या लॅपटॉपवर रूट होऊन करू का?” त्यानं विचारलं. करून बघ म्हटलं. एनएफएसमध्ये रूटला दाबून टाकायची सोय मुळातच चालू असते: आपल्या लॅपटॉपवर सर्वशक्तिमान असलेला माणूस सर्व्हरच्या उंबऱ्यावर ‘नोबडी’ होतो, आकडा ६५५३४. त्याचा चेहरा पडला. शेवटी दोन्हीकडचे आकडे जुळवले, अ‍ॅडमिनच्या नावावरच्या ताज्या फाइली मुलाच्या नावावर केल्या, आणि साहेबांच्या मनातलं भूत उतरलं.

भूत उतरलं, पण धसका राहिला. “कुणीही कुणाची फाइल पुसू शकतं का?” साहेबांनी विचारलं. हो म्हणावं लागलं. फाइल पुसता येणं हे फाइलीच्या परमिशनवर नसतं, ती ज्या फोल्डरात आहे त्याच्या परमिशनवर असतं. तुम्हाला वाचायलाही न मिळणारी फाइल तुम्ही पुसू शकता. हे ऐकून साहेब उठूनच उभे राहिले. त्यांच्या आग्रहाखातर स्टिकी बिट लावला, २७७५चे ३७७५ केले. टेम्प फोल्डरात सगळे लिहू शकतात तरी एकमेकांच्या फाइली पुसू शकत नाहीत, ती याच बिटाची कृपा.

दुसऱ्याच दिवशी मुलगा हजर. “दादा, मॅडमच्या टेक्स्ट फाइलमध्ये बदल केला, सेव्ह होत नाहीये.”

“परमिशन डिनाइड?”

“नाही. ऑपरेशन नॉट परमिटेड.”

मी खुर्ची सोडून धावलो. १३ नंबर नव्हे, १ नंबर! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच वेगळा नकार, म्हणजे नाही म्हणणारा वेगळा. आणि तो सापडायला वेळही लागला नाही. काही एडिटर फाइल जागच्या जागी बदलतच नाहीत. शेजारी नवी फाइल लिहितात आणि जुनीच्या नावावर ती सरकवतात. म्हणजे जुनी जाते. जुनी मॅडमची. दुसऱ्याची फाइल घालवायला स्टिकी बिटाचा नकार.

साहेबांकडे गेलो. म्हटलं, एक ठरवा: कुणी कुणाची फाइल पुसू नये, की कोणत्याही एडिटरनं सगळ्यांना सेव्ह करता यावी?

“दोन्ही,” साहेब म्हणाले. “आणि जेवणाच्या सुट्टीआधी झालं तर बरं.”