संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के? नाही!

"संवादात शब्दांचं महत्त्व ७ टक्के, आवाजाचं ३८ आणि देहबोलीचं ५५" हा मेसेज पुन्हा फिरतोय. आकडे हवेतून आलेले नाहीत, पण निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या दोन प्रयोगांतून हे आकडे जुळवले गेले. त्यात संभाषण नव्हतंच. सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले, एका प्रयोगात सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याच्या भावनेचा अंदाज बांधायला सांगितलं. भावना आणि आवडनिवड यांपलीकडे हे सूत्र लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलंय.

मुळात अर्थाची अशी टक्केवारी निघत नाही. दोघं जण जड कपाट जिन्यावरून उतरवताना एक म्हणतो, "थोडं तुझ्याकडे... हां, बस." वाक्य अर्धवट, तरी दुसऱ्याला नेमकं कळतं. कारण कपाट दोघांच्या हातात आहे, वळण दोघांना दिसतंय आणि मागच्या पायरीवर ते कुठे अडकलं होतं हेही दोघांना ठाऊक आहे. यातून शब्दांचा वाटा वेगळा काढणार कसा? तेच बोलणं तिसऱ्याने फोनवर ऐकलं, तर त्याला काहीच उमगणार नाही.

प्रशिक्षणवर्गांत हा आकडा छातीठोकपणे शिकवतात, याचं खरंच वाईट वाटतं. मुलं शब्द नीट निवडायचं सोडून हातवारे घोटत बसतात.