हात दुखतायत? आधी सीट बघा

रविवारी पहाटे नवी मुंबईत पाम बीच रोडला मोराज सर्कलपासून किल्ला जंक्शनपर्यंत जा. किती तरी जण चालत्या सायकलवर हात झटकताना दिसतात. आधी उजवा, मग डावा. दोन वर्षांपूर्वी मीही त्यांतलाच. एकदा तर घरी आल्यावर शर्टाची बटणं लावता येईनात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही लाकडासारखी. जेलचे ग्लोव्हज घेतले, हँडलला जाड टेप गुंडाळली. काडीचा फरक नाही.

या दोन बोटांची अल्नर नस तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाते. कोपर ताठ, मनगट मुडपलेलं आणि अंगाचा भार त्या जागी, की ती दबलीच. पण भार हातांवर येतो कुठून? माझी सीट पार पुढे सरकवलेली होती, शिवाय नाकाकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, खाली कललेली. हँडल जवळ आलं की आराम मिळेल, असं मला वाटायचं. झालं उलटंच: अंग सारखं पुढे घसरायचं आणि त्याला थोपवायचे हात. सीट सपाट केली, सेंटिमीटरभर मागे घेतली. तिसऱ्या रविवारी मुंग्या गेल्या.

दुकानात हजारो रुपयांची रोड बाइक विकतात, सीटची उंची कंबरेला लावून बघतात, की झालं फिटिंग! याचा मला मनापासून राग येतो.

आता हात कुठे ठेवायचे ते. एरवी हूड्सवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी मुठींवर, कोपर जरा वाकवून, म्हणजे खड्ड्याचा दणका खांद्यापर्यंत जात नाही. वरच्या आडव्या दांडीवर हात फक्त पारसिक हिल चढताना. तिथे ब्रेक बोटांशी नसतो, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये अजिबात नको. उतरताना मात्र ड्रॉप्स, म्हणजे हँडलचे खाली वळलेले भाग, धराच. खाली वाकायची भीती वाटते, कळतं मला. पण अंगाचा भार खाली येतो, पकड घट्ट बसते आणि दोन बोटांत ब्रेक नीट दाबला जातो.

आणि ती हँडलवर कोपरं टेकवून रेसरसारखं झोपणारी पोरं! अरे बाबांनो, यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, साध्या रोड रेसमध्येसुद्धा ते २०२१ पासून बंद केलंय. तिथे रस्ता मोकळा केलेला असतो. इथे समोरून उलट्या दिशेने स्कूटर येते.

रविवारी साडेसहाला मी पारसिकच्या पायथ्याशी असतो. हात झटकत आलात तर थांबा, सीटचा बोल्ट सैल करायची अ‍ॅलन की खिशातच असते.