पोपना तुर्कस्तानातून हाकललं म्हणे!

सकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्या सुटल्या आत्याचा फोन. "माझं नाव यात्रेतून काढ रे. पैसे बुडाले तरी चालतील." दिवाळीनंतर वसईतून तुर्कस्तानला यात्रा निघायची आहे. एफेससजवळचं मरियामाईचं (येशूच्या आईचं) घर बघायचं म्हणून या बाईने दोन वर्षं पैसे बाजूला टाकले, पासपोर्टसाठी ठाण्याला दोन खेपा घातल्या. आणि आता नको. कारण काय, तर रोझरीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज.

मेसेज मला पाठवायला लावला. सगळी लाल निशाणं आणि घंटा काढून टाकल्या तर उरतं ते एवढं: पोप बेनेडिक्ट यांनी २००६ साली इस्लामबद्दलचं सत्य जाहीरपणे सांगितलं. त्यावर दहा लाख तुर्क रस्त्यावर उतरले. पंतप्रधानांनी भेट नाकारली. पोपना एका दिवसात हाकललं, आणि जाण्याआधी मशिदीत नमाज पढायला लावला. तिथल्याच माणसाने आधीच्या पोपवर गोळ्या झाडल्या होत्या. तेव्हा जागे व्हा, आणि "त्यांच्या" दुकानातून काही घेऊ नका.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप लिओ तुर्कस्तानला जाऊन आले, तेव्हापासून हे जुनं प्रकरण पुन्हा फोडणी देऊन फिरवलं जातंय. पुढे ढकलणाऱ्याने ते एकदा तरी वाचलंय का? अंकाराला उतरून एका दिवसात परत गेलेला माणूस इस्तंबूलच्या मशिदीत पोचला कधी?

हाकलण्यापासूनच सुरुवात करतो, कारण आत्या घाबरली ती त्यालाच. बेनेडिक्ट सोळावे २८ नोव्हेंबर २००६ ला अंकाराला उतरले आणि १ डिसेंबरला ठरल्याप्रमाणे इस्तंबूलहून परतले. चार दिवस. पहिल्या दिवशी आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क यांच्या समाधीवर पुष्पचक्र, मग राष्ट्राध्यक्ष सेझेर यांची भेट. दुसऱ्या दिवशी मिस्सा, कुठे? जिथे जायला आत्या आता घाबरते, त्याच मरियामाईच्या घराच्या अंगणात. माणसं जेमतेम अडीचशे. तिथे त्यांनी पोप तेविसावे जॉन यांची आठवण काढली. ते पोप होण्याआधी बरीच वर्षं तुर्कस्तानात व्हॅटिकनचे प्रतिनिधी होते आणि तुर्क लोक आपल्याला आवडतात असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. मिस्सेनंतर बेनेडिक्ट यांनी तुर्की झेंडा हातात घेऊन हलवला, त्याचे फोटो जगभर छापून आले. तिसऱ्या दिवशी, ३० नोव्हेंबरला संत आंद्रेयाचा सण, म्हणून इस्तंबूलच्या फेनेर भागात पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचे धर्मगुरू, पेट्रिआर्क बार्थोलोम्यू यांच्याकडे. त्याच दिवशी हागिया सोफिया (मूळचं चर्च, नंतर मशीद) आणि समोरची निळी मशीद. चौथ्या दिवशी इस्तंबूलच्या कॅथेड्रलमध्ये मिस्सा, कबुतरं सोडली, विमानात बसले. याला हाकलणं म्हणतात?

आता ते दहा लाख. मेसेजमधल्या फोटोत झेंड्यांचा समुद्र आहे, पण पोपच्या नावाचा एक फलक शोधून दाखवा. निदर्शनं झाली नाहीत असं मी म्हणत नाही. पोप येण्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, इस्तंबूलच्या चाग्लायान चौकात मोठी सभा झाली. "पोप येऊ नये" अशा घोषणा होत्या. गर्दी साधारण पंचवीस हजार. कोटभर वस्तीच्या शहरात. सभा भरवली साआदेत पक्षाने, आणि हा पक्ष कोण ते कळल्याशिवाय त्या विरोधाचा अर्थ लागत नाही. नेज्मेत्तिन एर्बाकान यांच्या जुन्या इस्लामी चळवळीचा हा उरलेला तुकडा. त्याच चळवळीतून बाहेर पडून एर्दोआन यांनी, म्हणजे तेव्हाच्या पंतप्रधानांनी, वेगळा पक्ष काढला. २००२ च्या निवडणुकीत एर्दोआन यांना ३४ टक्के मतं पडली, साआदेतला अडीच. अशा पक्षाला सभेसाठी विषय हवाच असतो. चौकात नाव पोपचं घेतलं, पण चिमटा काढायचा होता जुन्या घरच्या माणसाला: बघा, हा युरोपीय संघात शिरण्यासाठी कुणाचं स्वागत करतोय. आपल्याकडे सून भांडते नवऱ्याशी आणि भांडी आपटते सासूसमोर, तसलाच प्रकार.

दुसरा गट राष्ट्रवाद्यांचा, आणि त्यांचं दुखणं निराळं. पोप चालले होते मुळात बार्थोलोम्यू यांच्या आमंत्रणावरून. हे पेट्रिआर्क जगभरच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांमध्ये मानाने पहिले, पण तुर्की सरकारच्या लेखी ते फक्त इस्तंबूलच्या ग्रीकांचे धर्मगुरू. आणि ते ग्रीक उरलेत दोन-तीन हजार. राष्ट्रवाद्यांना धास्ती अशी की पोप आणि पेट्रिआर्क गळाभेट घेतात म्हणजे तुर्कांच्या आधी तिथे असलेलं ख्रिस्ती बायझंटाइन साम्राज्य परत येतंय. पोप येण्याच्या आठवडाभर आधी असल्याच चाळीसेक जणांनी हागिया सोफियात घुसून नमाज पढला. तेव्हा ते संग्रहालय होतं (मशीद पुन्हा झाली २०२० मध्ये). पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. तुर्की पोलिसांनीच, हे मेसेज लिहिणाऱ्याने जरा ध्यानात घ्यावं.

आता "सत्य सांगितलं" याकडे येतो. इथे माझा संयम खरंच सुटतो, कारण ते भाषण व्हॅटिकनच्या वेबसाइटवर पहिल्यापासून आहे आणि वाचायला अर्धा तास पुरतो. मी आत्याच्या ओट्यावर बसून तिला त्यातले उतारे मराठीत करून सांगितले. १२ सप्टेंबर २००६, जर्मनीतलं रेगेन्सबुर्ग विद्यापीठ, जिथे ते पूर्वी स्वतः शिकवत. विषय श्रद्धा आणि बुद्धी. सुरुवातीला ते चौदाव्या शतकाच्या अखेरीचा एक संवाद सांगतात: बायझंटाइन सम्राट मॅन्युएल दुसरा आणि एक विद्वान इराणी, अंकाराजवळच्या लष्करी तळावर हिवाळ्यात बसून धर्मावर वाद घालताहेत. मुहंमदांनी जे नवं आणलं त्यात फक्त वाईट आणि अमानुषच सापडेल, हे वाक्य त्या सम्राटाचं. पोप ते उद्धृत करतात आणि सम्राट फार रोखठोक बोलला असंही तिथेच म्हणतात. नंतर छापलेल्या भाषणात त्यांनी हा रोखठोकपणा आपल्याला मान्य होण्यासारखा नाही असे शब्द घातले, आणि हे माझं मत नव्हे अशी तळटीपही दिली. इस्लामबद्दलचा मजकूर तीन-चार परिच्छेदांत संपतो. उरलेलं सगळं भाषण ख्रिस्ती धर्मशास्त्राने आणि पाश्चात्त्य विद्यापीठांनी बुद्धीचा अर्थ कसा आखूड केला यावर आहे. म्हणजे ज्यांची कानउघाडणी केली ते समोरच बसले होते!

आत्याने विचारलं, "मग ते वाक्य घेतलंच कशाला?" प्रश्न बरोबर आहे. मलाही वाटतं, नसतं घेतलं तर भाषणाचं काही अडलं नसतं. "धर्मात सक्ती नाही" ही कुराणातली आयत मुहंमद अजून दुबळे होते त्या काळातली, असं जाणकार म्हणतात, हेही त्यांनी सांगून टाकलं. महिन्याभराने ३८ मुस्लिम विद्वानांनी खुलं पत्र लिहून ती आयत मदिनेतली, म्हणजे हाती सत्ता येत होती त्या काळातली, असं दाखवून दिलं. शिवीगाळ नाही, जाळपोळ नाही, मुद्द्याला मुद्दा. वर्षभराने त्यातूनच १३८ जणांचं ख्रिस्ती धर्मगुरूंना उद्देशून पत्र निघालं. पण हे फॉरवर्ड होत नाही.

बरं, मेसेजमध्ये सगळं खोटंच आहे का? नाही, आणि हे नाइलाजाने लिहितोय. भाषणानंतर पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसमध्ये चर्चवर हल्ले झाले. १७ सप्टेंबरला सोमालियातल्या मोगादिशूत सिस्टर लिओनेला स्गोरबाती यांना गोळ्या घालून मारलं, त्या तिथल्या एका रुग्णालयात काम करत. एर्दोआन यांच्याच पक्षाच्या एका नेत्याने पोपची तुलना हिटलर-मुसोलिनीशी केली. तुर्कस्तानात त्याच वर्षी फेब्रुवारीत त्राब्झोनच्या चर्चमध्ये फादर सांतोरो यांचा खून झाला होता, मारणारा सोळा वर्षांचा पोरगा. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मालात्यात बायबल छापणाऱ्या तिघांचे गळे चिरले. तिथल्या ख्रिस्ती लोकांना भीती वाटत असेल तर ती खोटी नाही. पण ती भीती त्यांची आहे, बसमधून फिरून आठ दिवसांत परत येणाऱ्या आपली नव्हे.

पंतप्रधानांनी भेट नाकारली हे पाव सत्य. एर्दोआन यांना लाटव्हियातल्या रीगाला नाटोच्या बैठकीला जायचं होतं आणि आधी त्यांनी वेळ नाही असंच सांगितलं. शेवटी अंकाराच्या विमानतळावर वीसेक मिनिटं भेटले, आणि बाहेर येऊन तुर्कस्तानच्या युरोपप्रवेशाला पोपचा पाठिंबा आहे असं सांगूनही मोकळे झाले. हेच पोप कार्डिनल असताना त्या प्रवेशाच्या विरोधात होते. राजकारणी तो राजकारणीच.

गोळ्या झाडणारा मेहमेत अली आगजा. पोप जॉन पॉल दुसरे १९७९ मध्ये तुर्कस्तानला गेले तेव्हा तुरुंगातून पळालेल्या आगजाने वर्तमानपत्राला पत्र लिहून त्यांना मारण्याची धमकी दिली, हे खरं. पोप तिथून सुखरूप आले. गोळ्या झाडल्या १३ मे १९८१ ला, संत पेत्राच्या चौकात. त्या हिशेबाने आत्याने रोमची यात्रा रद्द करायला हवी.

राहिला नमाज. निळ्या मशिदीत बेनेडिक्ट बूट काढून गेले, इस्तंबूलचे मुफ्ती मुस्तफा चाग्रिजी यांच्या शेजारी मक्केकडे तोंड करून हात जुळवून क्षणभर गप्प उभे राहिले. रुकू (कमरेत वाकणं) नाही, सजदा (कपाळ जमिनीला टेकणं) नाही. याला नमाज म्हणणाऱ्याने नमाज कधी पाहिलाच नसावा, आणि आपल्या वसईत तो पाहायला दूर जावं लागत नाही. मग एकमेकांना भेटी दिल्या. मुफ्तींनी दिलेल्या फरशीवर कबुतर होतं, पोपनी आणलेल्या मोझेकमध्येही कबुतरं, असा योगायोग.

शेवटची ओळ, दुकानाची. त्यावर आत्याच बोलली. "आपल्या बेकरीवाल्याचा त्या टर्कीशी काय संबंध? तो तर नालासोपाऱ्याचा." मेसेज लिहिणाऱ्याला एवढं सुचलं नाही.

ओट्यावरून उठताना तिने विचारलं, मरियामाईच्या घराला पायऱ्या किती, गुडघा धड नाही. म्हटलं, बस डोंगरावर जाते, शेवटी थोडं चालायचं. ती म्हणाली, "मग नाव राहू दे."