पूररेषेला मत कोण देतं?

2019 च्या ऑगस्टमधला रविवार. भांडी बाजारातून मामाचा फोन आला, "मारुतीच्या गळ्याला लागलंय." नाशिकबाहेरच्या माणसाला यातून काही कळायचं नाही. गोदावरीच्या पात्रातली, रामकुंडाजवळची दुतोंड्या मारुतीची मूर्ती ही आमची पूर मोजायची पट्टी. कमरेला पाणी लागलं की दुकानदार सावध होतात, छातीला लागलं की खालचा माल वर जातो. मी तेव्हा नेदरलँड्समध्ये, नायमेगनला, वाल नदीपासून सायकलने दहा मिनिटांवर बसून गंगापूर धरणाचा विसर्ग किती क्युसेक, ते मोबाइलवर बघत होतो.

गेली काही वर्षं घरच्या ग्रुपवर एकच वाद पुन्हा पुन्हा पेटतो. 2008 च्या पुरानंतर गोदेकाठी पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळीच्या आत बांधकाम नाही, म्हणून ती मागे घ्या, असं जागामालक आणि बिल्डर म्हणतात. दुसरी बाजू म्हणते, रेषेला हात लावाल तर याद राखा. आणि मग कोणीतरी मला ओढतं: "तुमच्या हॉलंडमध्ये कसं करतात, सांग जरा."

सांगतो. 1995 मध्ये इथल्या नद्या इतक्या फुगल्या की सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. नदीकाठचे बंधारे आणखी उंच करण्याऐवजी नदीलाच जागा द्यायची, असं पुढे ठरलं. नायमेगनसमोर, लेंट गावाच्या बाजूला, बंधारा 350 मीटर मागे सरकवला आणि वालला दुसरं पात्र खोदून दिलं. त्यात पन्नासेक घरं गेली. लोक भांडले, वर्षानुवर्षं बैठका झाल्या, भरपाई मिळाली. मोठ्या पुरात आता शहरापाशी पाण्याची पातळी सुमारे 35 सेंटिमीटरने कमी राहते. एवढ्या खटाटोपाची कमाई 35 सेंटिमीटर! पण मामाच्या दुकानात तेवढ्यात खालची एक अख्खी फळी कोरडी राहते.

हे जसंच्या तसं उचलून आमच्या गंगेवर, म्हणजे गोदेवर आणा, असं मी म्हणणार नाही. वाल ही ऱ्हाइनची शाखा; ऱ्हाइनचं पाणी इथे पोचायला दिवस लागतात, तोवर सगळ्यांना निरोप गेलेला असतो. नाशिक उगमापासून जेमतेम तीसेक किलोमीटरवर. त्र्यंबकला कोसळला की काही तासांत रामकुंड. शिवाय गावठाणातून 350 मीटर कुठून काढणार? सराफ बाजार हलवणार की नारोशंकराचं देऊळ? आमच्याकडे जागा शोधायचीच तर ती नासर्डी आणि वाघाडी या गोदेच्या उपनद्यांच्या काठांवर, नव्या कॉलन्यांत शोधावी लागेल. तिथे पाणी मुरायला माती उरलेली नाही. पावसाळी गटार भरतं आणि तेच पाणी गोदेत येऊन पडतं. घाटाला नवी फरशी बसवून यातलं काही सुटत नाही, उलट बिघडतं. स्मार्ट सिटीच्या यादीत नाशिक 2016 मध्ये आलं, तेव्हापासून नदीकाठाची चित्रं खूप पाहिली. त्यातल्या एकातही नदी चढलेली दिसली नाही.

पण या देशाचा हेवा वाटावा असं जे आहे ते बंधारा नव्हे. इथे पाण्याचं वेगळं सरकार आहे. वॉटरस्खाप म्हणतात, म्हणजे पाणी मंडळ. काही तेराव्या शतकापासूनची. त्याचं बिल पालिकेपेक्षा वेगळं येतं आणि दर चार वर्षांनी निवडणूक होते. माझ्याकडे अजून भारताचाच पासपोर्ट आहे. संसदेसाठी मला मत नाही. पण मी इथे कायदेशीर राहतो, घर माझंही बुडू शकतं, म्हणून 2023 च्या मार्चमध्ये रिव्हिएरेनलँड मंडळासाठी मी मत देऊन आलो.

त्याच मार्चमध्ये नाशिक महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मुदत 2022 मध्ये संपली होती, कारभार प्रशासकांकडे. पूररेषा आखतो राज्याचा जलसंपदा विभाग, बांधकाम परवानगी देते महापालिका, आणि त्या रेषेत राहणाऱ्याने विचारायचं कोणाला? मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायची वेळ आली की आम्ही निदान रस्त्यावर तरी उतरतो. पुराच्या पाण्याचं मात्र असं की ते ओसरतं, चिखल धुतला जातो आणि विषय पुढच्या ऑगस्टपर्यंत मिटतो. आता तर 2027 चा कुंभ तोंडावर आहे. घाईत ओतलेलं काँक्रीट नंतर फोडणं काय असतं, ते रामकुंडाचा तळ पाहून नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

जानेवारी 2026 मध्ये अखेर महापालिकेची निवडणूक झाली. मामा सकाळीच मत देऊन आला. मी विचारलं, "प्रचारात कोणी पूररेषेचं नाव काढलं का रे?"

"नाही. घाटाचं काढलं, लाइटिंगचं काढलं," तो म्हणाला. "फळी मात्र मी या वर्षी वीतभर वर ठोकून घेतलीय."