‘वीस दिवस झाले, सफरचंद सडेना’: एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. काश्मीरची म्हणून नेलेली सफरचंदं वीस दिवस टेबलावर राहिली तरी सडली नाहीत, सुरीनं खरवडल्यावर पांढरा भुगा निघाला, आणि द्राक्षाची पेटी उघडताच आतल्या कागदाच्या वासानं सासूबाईंना ठसका लागला, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी ‘हे फळांचं नाही, केमिकलचं दुकान आहे’ असंही. ते वाक्य लागलं. पण गल्ल्यावरच्या पोरानं तुम्हाला ‘कालच आलाय, एकदम ताजा माल’ असं सांगितल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय ना, खरी चूक तिथे आहे.

एप्रिलमध्ये काश्मीरच्या झाडांवर फुलं असतात, सफरचंदं नाहीत. तुम्ही नेलेलं फळ सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरवलेलं. माल काल आला हे खरं होतं, ‘ताजा’ हे खोटं होतं. पोराला मी रागावलो नाही, कारण ते वाक्य तो माझ्याकडूनच शिकलाय.

आता ते फळ सहा-सात महिने टिकलं कसं. झाडावरून उतरवलेलं सफरचंद मेलेलं नसतं, ते श्वास घेत असतं. हवेतला ऑक्सिजन घेतं, आतली साखर खर्च करतं आणि स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडून स्वतःला पिकवत जातं. पुलवामातल्या लासीपोऱ्यासारख्या ठिकाणी ज्या मोठ्या वखारी आहेत, तिथे हा श्वासच मंद करतात. खोलीचं तापमान शून्य-एक अंशावर आणायचं आणि बाहेरच्या हवेत २१ टक्के असतो तो ऑक्सिजन आत १ ते ३ टक्क्यांवर उतरवायचा. अशा खोलीत माणूस शिरला तर जागेवर कोसळेल, म्हणून दारं सील करून ठेवतात. एवढ्यानंच फळ महिनोन्‌महिने झोपून राहतं. यात त्याच्यावर फवारलेलं काही नसतं.

पण काही वखारींत खोली बंद केल्यावर आणखी एक वायू सोडतात, आणि शंका घ्यायचीच तर ती इथे घ्यायला हवी होती. त्याचं नाव वन-एमसीपी. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा हा वायू फळात इथिलीनची जागा अडवून बसतो. मग इथिलीन असूनही फळ पिकत नाही, बाहेर काढल्यावरही बरेच दिवस टणक राहतं. मात्रा साधारण हवेच्या दहा लाख भागांत एक भाग, तीही काही तासांपुरती. अमेरिकेत खाण्याच्या फळांसाठी याला २००२ साली परवानगी मिळाली. माझ्या घरी आम्ही हीच सफरचंदं खातो. तक्रार आहे ती एवढीच, की पेटीवर हे छापलेलं नसतं आणि अडत्याला विचारलं तर तो भाव सांगतो.

तुमचा रिव्ह्यू आला त्या दिवशी त्याच लॉटमधली दोन सफरचंदं मी बाजूला काढली. एक फ्रिजमध्ये, एक गल्ल्याशेजारी, सोलापूरच्या उन्हाळ्यात, पंख्याखाली. बाराव्या दिवशी गल्ल्यावरचं बाहेरून चकचकीतच होतं, फक्त देठाजवळ बारीक सुरकुती. कापलं तर आत पिठूळ. दाताखाली रवाळ, रस नाही, चव पाणचट. फ्रिजमधलं अजून करकरीत होतं. म्हणजे सडलं नाही तरी ते म्हातारं झालंच होतं. तुम्ही वीस दिवसांनी ते कापून बघितलंत का?

पांढऱ्या भुग्याचं थोडक्यात सांगतो. सफरचंदाच्या सालीवर त्याचं स्वतःचं मेण असतं. पॅकिंगच्या आधी धुताना ते निघतं, म्हणून काही मालावर वरून पातळ थर देतात. आपल्याकडच्या नियमानुसार मधमाशीचं मेण, कार्नोबा नावाच्या ताडासारख्या झाडाच्या पानांचं मेण आणि लाख चालते, मात्र तसं लेबल हवं. कोमट पाण्यात चोळून धुतलं की थोडंफार जातं, पूर्ण नको असेल तर साल काढावी. एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो: लाख ही किड्यापासून मिळते. आमच्याकडे जैन गिऱ्हाइकं बरीच आहेत, त्यांनी जरूर विचारावं.

द्राक्षाच्या पेटीबद्दल मात्र माझी बाजू लंगडी आहे. तो कागद म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइटचा पॅड. ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो आणि बुरशी धरत नाही. हंगामाच्या शेवटी कोल्ड स्टोरेजमधून आलेल्या पेट्यांत तो असतो. ज्यांना दमा आहे त्यांना या वायूनं खरंच त्रास होतो. दुकानात पेटी उघडून, कागद काढून, द्राक्षं थोडी वाऱ्यावर ठेवून मगच विकायला हवी होती. आम्ही बंद पेटी तशीच हातात दिली. सासूबाईंची मनापासून माफी मागतो. घरात आणखी द्राक्षं उरली असतील तर वाहत्या पाण्याखाली नीट धुवून घ्या, आणि त्यांना देऊच नका.

तुमच्या रिव्ह्यूखाली कुणीतरी ‘केळीसुद्धा कार्बाइडचीच’ असं लिहिलंय. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत सरळ बंदी आहे. त्यातून निघणारा ॲसिटिलीन आणि सोबतचे आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश हे खरं विष. पूर्वी एकदा अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर एका व्यापाऱ्याकडून आलेल्या आंब्याच्या पेट्यांत गवताखाली अशा पुड्या सापडल्या होत्या. चाळीस पेट्या परत केल्या, भांडण झालं, त्याच्याकडचा माल कायमचा बंद केला. आमची केळी करमाळ्याकडची, कंदर भागातली. ती रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायूवर पिकतात, त्याला १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, परवानगी आहे. देठ थोडा हिरवा दिसतो तो त्यामुळेच.

सोमवारपासून सफरचंदाच्या प्रत्येक ढिगावर पाटी लावलीय: कुठलं, कोणत्या महिन्यात उतरवलेलं, मेणाचा थर आहे की नाही. पहिल्या दोन दिवसांत ‘ऑक्टोबर’ वाचून चार-पाच जण परत गेले. जाऊ देत. त्यातल्या एका काकांनी डाळिंबं नेली, ते बरंच झालं. २०१६ साली ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते सोलापूरचं डाळिंब दाराशी असताना आपण उन्हाळ्यात काश्मीरकडे बघतो. शिवाय डाळिंब तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे त्याला पिकवायचा गॅस देऊन कुणाचा काही फायदाच नाही.

द्राक्षाच्या पेटीचे पैसे परत देतो, बिल नसलं तरी चालेल. सकाळी मी मार्केट यार्डात लिलावाला असतो, साडेदहानंतर गल्ल्यावर भेटेन. उरलेलं एखादं सफरचंद असेल तर घेऊन या, इथेच कापून बघू.