मागच्या भिंतीजवळची सात पोरं

परवा पुन्हा एक प्रशिक्षण झालं. पंचायत समितीचं सभागृह, शंभरेक शिक्षक, चार पंखे, त्यातले दोन चालू. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे सर पीपीटी वाचून दाखवत होते आणि आम्ही त्या पीपीटीचे फोटो काढत होतो. दुपारी आलू-वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात, बुंदी. शेवटी गुगल फॉर्म : ‘प्रशिक्षण आपल्याला कसे वाटले?’ सगळ्यांनी ‘उत्कृष्ट’वर बोट ठेवलं. फॉर्म भरल्याशिवाय हजेरी नाही, आणि पाचची एसटी कोणासाठी थांबत नाही. मीही ‘उत्कृष्ट’च भरलं.

2020च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय की प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षण मिळावं. सिंगापूरच्या शिक्षकाला 100 तासांचा हक्क आहे. भाषणात हे आकडे सांगितले की छान वाटतं. पण तास मोजायला लागलं की तासच भरले जातात, हा माझा एकोणीस वर्षांचा अनुभव आहे. करोनाच्या काळात ‘निष्ठा’ या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स ‘दीक्षा’ ॲपवर आले. मी व्हिडिओ चालू ठेवून समोर तुरीच्या शेंगा सोलत बसायची. प्रमाणपत्रं सगळी मिळाली. सोले-वांगे मात्र फर्मास झाले होते.

मग शिक्षक शिकतो तरी कसा? माझंच सांगते.

माझी पहिली नेमणूक यवतमाळ जिल्ह्यात एका पोडावर झाली. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. द्विशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी माझ्याकडे, मुलं सोळा. पहिल्या महिन्यात एक पोरगा सारखा माझ्याजवळ येऊन ‘ईर, ईर’ म्हणायचा. मला वाटलं चिडवतोय, मी त्याला जागेवर बसवलं. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या ताई हसत म्हणाल्या, “मॅडम, त्याले पानी पाह्यजे.” कोलामी ही द्रविडी भाषा. तेलुगूतलं नीरु आणि हे ईर एकाच घरातले, हे मला फार पुढे कळलं. डीएडच्या दोन वर्षांत कोलामी हा शब्द एकदाही कानावर पडला नव्हता. मेळघाटात कोरकू पोरांसमोर उभ्या राहिलेल्या किंवा गडचिरोलीत माडिया पोरांसमोर उभ्या राहिलेल्या कोणत्याही मास्तराला विचारा, हेच सांगेल.

तेव्हा आम्हाला एक केंद्रप्रमुख होते, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी. स्प्लेंडरवर यायचे, पावसात पॅन्टच्या मोहऱ्या गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेल्या. एके दिवशी आले, खुर्ची नको म्हणाले, मागे सतरंजीवर पोरांमध्ये मांडी घालून बसले. पूर्ण तास काही बोलले नाहीत, वहीत काहीतरी टिपत होते. मला वाटलं, आता शेरेबुकात लाल शाईनं दोन ओळी. सुट्टी झाल्यावर त्यांनी वहीचं पान माझ्यापुढे ठेवलं. त्यावर वर्गात कोण कुठे बसतं त्याचे चौकोन काढले होते. मी ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात एक टिंब. पुढच्या पाच पोरांच्या चौकोनांत मिळून एकवीस टिंबं. मागच्या भिंतीजवळच्या सात पोरांच्या चौकोनात एकही नाही.

“मॅडम, तुमी शिकोता चांगलं,” ते म्हणाले, “पन अर्ध्याच वर्गाले शिकोता.”

ती सात पोरं कोण होती? ज्यांच्या घरी मराठी अजिबात बोलली जात नव्हती, ती. पुढची पाच बाजाराला जाणाऱ्या बापांची. मी उत्तर येईल तिकडेच प्रश्न टाकत होते आणि ‘वर्ग मस्त चालतो’ असं समजत होते. सरांनी ज्ञान पाजळलं नाही. एवढंच म्हणाले, पुढच्या खेपेपर्यंत एक करा : पहिला प्रश्न नेहमी मागच्या भिंतीकडे विचारा, आणि विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. अठरा दिवसांनी ते खरंच परत आले. पुन्हा तीच वही, तीच टिंबं. महत्त्वाचं हे होतं की ते परत आले.

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात 2015 आणि 2016 अशी दोन वर्षं हेच मोजून पाहिलं गेलं. मुलांना त्यांच्या मातृभाषेत, सेत्स्वानात, वाचायला शिकवायचं होतं. शाळांच्या दोन गटांना पाठ-टाचणं तीच, पुस्तकं तीच. एका गटातल्या शिक्षकांना वर्षातून दोनदा हॉलमध्ये बोलावून प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटात मार्गदर्शक स्वतः वर्गात जाऊन बसायचा आणि पुन्हा पुन्हा जायचा. दोन वर्षांनी, यातलं काहीच न मिळालेल्या शाळांशी तुलना केली तेव्हा दुसऱ्या गटातल्या मुलांची वाचनातली जास्तीची प्रगती पहिल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. वाचलं तेव्हा मला ती स्प्लेंडरच आठवली.

वर्गावर माणूस पाठवायला खर्च जास्त येतो, हे खरं आहे. पण आपल्याकडे त्यासाठी पद आहेच की! केंद्रप्रमुख हे पद निर्माण केलं कशासाठी? आमचे सर निवृत्त झाल्यावर ती खुर्ची कित्येक वर्षं ‘अतिरिक्त कार्यभारा’वर आहे. ज्यांच्याकडे कार्यभार आहे ते बिचारे स्वतःची शाळा सांभाळून माहिती गोळा करतात. ते टपाल्याचं काम झालं. पेट्रोलही खिशातलं. केनियात ‘तुसोमे’ या वाचन शिकवण्याच्या कार्यक्रमात अशा अधिकाऱ्यांना टॅबलेट दिले, आणि वर्गभेटी जेवढ्या होतील त्या हिशेबानं प्रवासाचे पैसे द्यायचे ठरवलं. साधी गोष्ट आहे, पण आधी कोणीतरी कबूल करायला हवं की वर्गात जाऊन बसणं हेच त्या माणसाचं मुख्य काम आहे.

शिक्षकांनाच शिकायचं नसतं, हे पारावर नेहमी ऐकते. पगाराचा आकडाही लगेच निघतो. काही जण तसे आहेत, नाकारत नाही. शेंगा सोलणारी मी काय कमी होते? पण दहाएक वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं (बीट म्हणजे काही केंद्रांच्या शाळांचा गट) नाव झालं, तिथली पोरं फरशीवर आखलेल्या आकृत्यांवर स्वतः करून शिकत होती, तेव्हा आम्ही सहा जण स्वतःच्या पैशानं ट्रॅव्हल्सनं रात्रभर प्रवास करून तिथले वर्ग बघायला गेलो. महाराष्ट्रभरातून मास्तर तिथे येत होते. परत आलो ते बोलत-भांडत, डोक्यात शंभर गोष्टी घेऊन. आणि मग आमच्याकडे निरोप आला, सर्व शाळांनी फरशा रंगवून फोटो पाठवावेत. फरशा रंगल्या. पोरं त्या रंगांवर बसून पूर्वीसारखंच फळ्यावरचं उतरवून घ्यायला लागली.

आणि वेळेचं काय? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम लावता येत नाही. पण माहिती भरायची लिंक हे काम नसतंच मुळी! ती नुसती लिंक असते, ‘आज दुपारी 2 पर्यंत भरा’ एवढीच.

कोलंबियात 1970च्या दशकापासून ‘एस्कुएला नुएवा’ (नवी शाळा) या पद्धतीच्या शाळा चालतात. आमच्यासारखीच खेडी, एका मास्तराकडे अनेक वर्ग. तिथे जवळपासच्या शाळांचे शिक्षक ठरावीक काळानं एकत्र बसतात, एकमेकांचे वर्ग बघतात, अडलेलं मांडतात. तज्ज्ञ बाहेरून यायची वाट बघत नाहीत.

आम्ही चार शाळांनी दिवाळीनंतर तसं सुरू केलंय. शनिवारी सकाळची शाळा असते. प्रत्येक शाळेतून एकानंच यायचं, दुसऱ्यानं तिकडे चारही वर्ग सांभाळायचे. जी एकशिक्षकी झाली आहे तिथले सर शाळा सुटल्यावर, नुसत्या चर्चेला येतात. या बैठकीची नोंद कुठेच होत नाही आणि कार्यरत दिवसही धरला जात नाही. एका मॅडमला यावरून खुलासा द्यावा लागला.

या शनिवारी माझा पाठ आहे. हातच्याची वजाबाकी. एकोणीस वर्षं शिकवतेय, तरी पोटात गोळा आलाय. शेजारच्या शाळेतल्या तरुण सरांना ती टिंबांची वही दाखवून ठेवली आहे. ते म्हणाले, “मॅडम, मी मागच्या भिंतीपाशी बसतो. पयला प्रश्न मलेच नका इचारू बापा.”